परवाना कोणाला, शिक्षा कोणाला?

(एका व्याख्यानमालेत ‘अमली पदार्थांना कायदेशीर मान्यता द्यावी काय?’ या विषयावर झालेल्या भाषणाचा लेखरूप पाठ)



एका साध्या, सुस्थित घराची कल्पना करावी. वडील बँकेत, आई शाळेत शिक्षिका, मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. एके दिवशी धुण्याचे कपडे वेगळे करताना आईच्या हाताला मुलाच्या खिशात प्लास्टिकची लहानशी पुडी लागते. त्या रात्री घरात कोणी धड जेवत नाही. सकाळी प्रश्न उभा राहतो, जायचे कोठे? डॉक्टरांकडे जावे तर चार ठिकाणी बभ्रा होईल. पोलिसांकडे जावे तर मुलाच्या नावावर गुन्हा लागेल. नातेवाइकांना सांगावे तर उद्या बहिणीच्या लग्नात आडवे येईल. म्हणून ते कोठेच जात नाहीत. मुलाला महिनाभर मामाकडे पाठवतात, हातात पैसे देणे बंद करतात, देवाला नवस बोलतात. दोन वर्षांनी नाइलाजाने ते डॉक्टरांच्या दारात पोहोचतात, तोवर पुडीतला पदार्थ बदललेला असतो आणि मुलगाही.

अमली पदार्थांना कायद्याने मान्यता द्यावी की देऊ नये, हा वाद दूरचित्रवाणीवर हिरिरीने रंगतो, तेव्हा हे घर कोणाच्याच डोळ्यांपुढे नसते. एका बाजूने व्यक्तिस्वातंत्र्याचा घोष होतो, दुसऱ्या बाजूने ‘सगळ्यांना फासावर चढवा’ अशी गर्जना होते. टाळ्या दोघांनाही पडतात. त्या आईला मात्र दोघांकडूनही उत्तर मिळत नाही. तिच्या घराच्या उंबरठ्यावर उभे राहून हा प्रश्न तपासावा, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

पूर्वपक्ष

आपल्याकडे वादाची एक जुनी शिस्त आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःलाही मान्य होईल अशा प्रामाणिकपणे आधी मांडावे, मगच उत्तराला तोंड उघडावे. त्या शिस्तीने प्रथम मान्यतेच्या समर्थकांचे म्हणणे ऐकू.

ते म्हणतात, बंदीने नशा थांबलेली नाही. बंदीमुळे व्यापार गुंडांच्या हाती गेला, पदार्थात भेसळ वाढली आणि पोलिसांना हप्त्याचे एक नवे कुरण मिळाले. दारू आणि तंबाखू सरकारच्या परवान्याने विकली जाते. त्यांनी होणारे मृत्यू गांजाच्या मृत्यूंपेक्षा कितीतरी अधिक आहेत. मग गांजाच तेवढा अस्पृश्य का? मान्यता दिली तर कर मिळेल, दर्जावर देखरेख राहील आणि न्यायालयांवरचा भार हलका होईल. शिवाय भांग आणि गांजा तर आपल्या परंपरेतले आहेत. १९८५ पूर्वी या देशात त्यांची परवानाधारक दुकाने होती.

हे म्हणणे केवळ हिप्पींचे नाही. पंजाबातील पतियाळाचे तत्कालीन खासदार डॉ. धर्मवीर गांधी हे व्यवसायाने हृदयरोगतज्ज्ञ. हेरॉइनने उद्ध्वस्त होणारी गावे त्यांनी जवळून पाहिली होती. २०१६ मध्ये त्यांनी एक खासगी विधेयक पुढे आणले. अफू आणि गांजासारखे पारंपरिक, तुलनेने सौम्य पदार्थ नियंत्रित रीतीने उपलब्ध करावेत, म्हणजे तरुण हेरॉइनसारख्या जहाल विषाकडे वळणार नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वाधिक धोकादायक पदार्थांच्या सूचीतून वगळले. तेव्हा भारताचे मतही वगळण्याच्या बाजूने पडले. उरुग्वेने २०१३ मध्ये, कॅनडाने २०१८ मध्ये आणि जर्मनीने काही मर्यादांसह २०२४ मध्ये गांजाला मान्यता दिली. तेव्हा हा विचार हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

परंतु ‘मान्यता’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी गुंडाळल्या जातात आणि सारा गोंधळ तेथे सुरू होतो. सेवन करणाऱ्याला तुरुंगात न टाकणे ही पहिली गोष्ट. तिला दंडमुक्ती म्हणता येईल. पदार्थ विकण्याचा परवाना देणे ही दुसरी. त्या परवान्याच्या आधारे नफा, जाहिरात आणि गिऱ्हाईक वाढवणारा बाजार उभा राहू देणे ही तिसरी. पहिलीच्या बाजूने दिलेले पुरावे तिसरीच्या खात्यावर जमा करण्याची हातचलाखी या वादात सतत चालते. आणि तिसरीच्या भीतीने पहिलीलाही नकार देण्याची चूक विरोधक करतात.

राज्यच दुकानदार होते तेव्हा

नशेचा परवाना ही भारताला नवी गोष्ट नाही. या देशाने तो दीडशे वर्षे भोगला आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल-बिहारमधील अफूची मक्तेदारी हाती घेतली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाऊ लागली. चीनच्या सम्राटाने अफूवर बंदी घातली आणि साठे नष्ट केले, तेव्हा ‘मुक्त व्यापारा’च्या नावाने ब्रिटनने १८३९ ते १८४२ आणि पुन्हा १८५६ ते १८६० अशी दोन युद्धे त्या देशावर लादली. जगाच्या इतिहासात नशेच्या परवान्यासाठी तोफा डागल्या गेल्या त्या अशा. मुंबईच्या भरभराटीचा एक हिस्सा या व्यापारातून आला, हे कटू असले तरी सत्य आहे. त्याच मुंबईतून इंग्लंडला गेलेल्या दादाभाई नौरोजींनी अफू आणि मद्य यांच्या व्यापाराचा नफा नको म्हणून कामा कंपनीतील आपली भागीदारी सोडली. पुढे अफूच्या महसुलावर उभ्या असलेल्या राज्यकारभारावर त्यांनी कठोर टीका केली, हीही त्याच मुंबईची कथा आहे.

गांजाबाबत समर्थक नेहमी एका अहवालाचा हवाला देतात. ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेल्यावर १८९३ मध्ये ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते. सात सदस्यांपैकी तिघे भारतीय होते. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. मर्यादित सेवनाने सामान्यतः गंभीर अपाय होत नाही आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही, इष्टही नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. वेड्यांच्या इस्पितळांतील ‘गांजामुळे वेड’ अशा कित्येक नोंदी चौकशीविनाच भरलेल्या आहेत, हेही त्याने दाखवून दिले. आयोगाचे काम कष्टाचे होते. त्याला थट्टेवारी नेणे योग्य नाही.

मात्र त्या अहवालाचे दुसरे पान समर्थक उलटत नाहीत. अति सेवन शरीराला आणि मनाला अपायकारक आहे, असेही आयोगाने स्पष्ट म्हटले होते. आणि त्याने सुचवलेला उपाय होता तो कडक निर्बंधांचा. लागवड मोजक्या ठिकाणी, साठा सरकारी देखरेखीत, दुकाने मर्यादित आणि कर इतका चढा की खप आटोक्यात राहील, अशी ती रचना होती. बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातील नौगाव हे असे केंद्र होते, जे आज बांगलादेशात आहे. प्रत्यक्षात काय घडले? ज्या खात्याने खप कमी करायचा, त्याच्याच तिजोरीत खपाचा पैसा पडू लागला. दुकानाचा लिलाव जितका चढा, तितका अधिकारी कर्तबगार ठरू लागला. कुंपणालाच शेताची गोडी लागली.

म्हणूनच राष्ट्रीय चळवळीने अबकारी उत्पन्नाला परकीय सत्तेचे शोषण मानले. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. आपल्याच प्रजेची शुद्ध हरपून जे राज्य तिजोरी भरते, त्याला नैतिक अधिकार उरत नाही, हा त्या चळवळीचा गाभा होता. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने औषधी उपयोगाव्यतिरिक्त मादक पेये आणि आरोग्याला अपायकारक अमली पदार्थ यांच्या सेवनाला प्रतिबंध करण्याचे मार्गदर्शक तत्त्व राज्यापुढे ठेवले, त्यामागे हा अनुभव उभा आहे.

स्वतंत्र भारताने त्यानंतर केलेला एक प्रयोग आज विस्मृतीत गेला आहे. १९४९ मध्ये अफूविषयक अखिल भारतीय परिषद भरली. औषधाव्यतिरिक्तचा अफूचा पुरवठा दरवर्षी दहा टक्क्यांनी घटवत नेऊन ३१ मार्च १९५९ पर्यंत बंद करायचा, असे ठरले. ज्यांना अफूवाचून जगणे अशक्य होते अशा जुन्या व्यसनींची नोंदणी करून त्यांना वैद्यकीय आधारावर ठरावीक मात्रा देण्याची सोय ठेवली गेली. बाजार हळूहळू मिटवायचा, पण आजारी माणसाला वाऱ्यावर सोडायचे नाही, ही दृष्टी त्यात होती. आजही मंदसौर, नीमच, चित्तोडगड या भागांत सरकारी परवान्याने अफू पिकते आणि गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांत जाऊन वेदनाशामक औषधांच्या कामी येते. औषधाला विरोध कोणाचाच नाही. प्रश्न करमणुकीचा आहे.

शिवशंकराच्या नावाने

आता परंपरेचा मुद्दा. ‘महादेवाचा प्रसाद आहे, त्याला गुन्हा कसे म्हणता?’ हा युक्तिवाद हल्ली इंग्रजी परिसंवादांतही ऐकू येतो. अन्य वेळी ज्यांना परंपरेचे वावडे असते, त्यांना या एका प्रसंगी शंकर आठवतो, ही गंमत सोडून देऊ. युक्तिवाद मात्र तपासला पाहिजे.

अथर्ववेदात भंगेचा उल्लेख पाच वनस्पतींमध्ये येतो, हे खरे. आयुर्वेदात ती ‘विजया’ या नावाने औषधांत वापरली जाते, हेही खरे. पण तोच आयुर्वेद भांग आणि अफू यांची गणना उपविषांत करतो. शोधन करून, मात्रा ठरवून, रोग पाहून वैद्याने द्यायची ती वस्तू आहे. होळीला किंवा महाशिवरात्रीला उत्तरेत थंडाई घेतली जाते. तिला दिवस ठरलेला असतो, जागा ठरलेली असते, सोबतीला घरची वडीलधारी माणसे असतात. साधूची चिलीम आहे, पण त्याने घर, संसार आणि अर्थार्जन यांचा त्याग केलेला असतो. त्याच परंपरेत गळ्यात तुळशीची माळ घातली की सर्व व्यसने सोडणारा वारकरीही आहे आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांवर त्याचाच ठसा अधिक खोल आहे. परंपरेचा दाखला द्यायचा तर सगळ्या परंपरेचा द्यावा लागेल.

आणि शंकराने प्राशन केले ते हलाहल. जगाला त्याची झळ लागू नये म्हणून त्याने ते कंठात रोखून धरले. वसतिगृहाच्या गच्चीवर शनिवारी रात्री जमलेल्या मुलांनी त्याच्याशी नाते सांगणे हा त्या देवतेवरचा अन्याय आहे.

कायद्यानेही या परंपरेची दखल घेतलेली आहे. १९८५ च्या अधिनियमात, म्हणजे पोलीस आणि वकील ज्याला एनडीपीएस म्हणतात त्यात, गांजाची व्याख्या रोपाच्या फुलोऱ्यापुरती आहे. फुलोऱ्यासोबत नसलेली पाने तीतून वगळली आहेत. त्यामुळे पानांची भांग राज्यांच्या अखत्यारीत राहिली. उत्तर प्रदेश आणि राजस्थानात तिची परवानाधारक दुकाने आहेत, तर महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून भांग बाळगणे गुन्हा आहे.

मुख्य म्हणजे, ज्याच्या मान्यतेची मागणी आज होते तो पदार्थ आजोबांच्या काळचा नाही. गांजाची नशा त्यातील टीएचसी या घटकाच्या प्रमाणावर अवलंबून असते. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ च्या सुमारास हे प्रमाण सरासरी चार टक्के होते. अलीकडे ते पंधरा टक्क्यांच्या आसपास पोहोचले आहे आणि त्यापासून काढलेले अर्क त्याहून कितीतरी तीव्र आहेत. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात युरोप आणि ब्राझीलमधील अकरा ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा तीव्र गांजाचे रोज सेवन करणाऱ्यांत गंभीर मनोविकृतीची शक्यता कधीच सेवन न करणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ पाचपट आढळली. १८९४ चा आयोग ज्या गांजाबद्दल बोलत होता तो हा नव्हे.

चार कसोट्या

केवळ तर्काने हा वाद सुटत नसेल तर अनुभवाकडे वळावे.

पहिला अनुभव महाराष्ट्राचाच आहे. मेफेड्रोन, ज्याला मुलांच्या भाषेत ‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’ म्हणतात, हा रासायनिक पदार्थ फेब्रुवारी २०१५ पर्यंत एनडीपीएसच्या सूचीत नव्हता. तोपर्यंत तो पकडला तरी पोलिसांचे हात बांधलेले होते. त्या मोकळ्या काळात तो मुंबईच्या वस्त्यांत आणि महाविद्यालयांच्या परिसरात झपाट्याने पसरला. कायदा आडवा नव्हता म्हणून नशेचे आकर्षण कमी झाले, असे काही दिसले नाही. आता याच अनुभवाची दुसरी बाजू. २०१५ मध्ये बंदी आली, पण तयार झालेले गिऱ्हाईक बंदीने नाहीसे झाले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला. म्हणजे दार उघडे ठेवणे घातक ठरले आणि नंतर नुसते दार लावून घेणेही पुरेसे झाले नाही.

दुसरा अनुभव पोर्तुगालचा. समर्थक त्याचेच उदाहरण सर्वाधिक देतात आणि सर्वाधिक चुकीचेही देतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या छोट्या देशात सुमारे एक टक्का लोकसंख्या हेरॉइनच्या आहारी गेली होती. १ जुलै २००१ पासून तेथे दहा दिवसांच्या सेवनापुरता साठा बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. परंतु पदार्थ बेकायदाच राहिला आणि विक्री हा गुन्हाच राहिला. पकडलेल्या व्यक्तीला न्यायालयाऐवजी एका छोट्या मंडळासमोर उभे केले जाते. तेथे कायदा, मानसशास्त्र, समाजकार्य जाणणारी माणसे बसतात आणि तिला उपचारांकडे वळवतात. त्यासाठी सरकारने उपचारकेंद्रांवर मोठा खर्च केला. अमली पदार्थांशी निगडित एचआयव्हीच्या नव्या लागणी पुढील काळात कमालीच्या घटल्या. २०१२ नंतर आर्थिक तंगीत त्या यंत्रणेला कात्री लागली आणि अलीकडे पोर्तोसारख्या शहरांतून उघड्यावरील सेवनाच्या तक्रारी पुन्हा येऊ लागल्या. पोर्तुगालने विक्रीचा परवाना कोणालाही दिला नाही. त्याने रुग्णाला रुग्ण मानले. आणि रुग्णसेवेवरचा हात आखडता घेतल्याबरोबर त्याची किंमतही मोजली.

तिसरा अनुभव अमेरिकेतील ओरेगॉन राज्याचा. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथील मतदारांनी सर्व अमली पदार्थांच्या अल्प साठ्यासाठी तुरुंगवास रद्द केला. शिक्षेऐवजी शंभर डॉलर दंडाची चिठ्ठी, आणि एका दूरध्वनी क्रमांकावर आरोग्यतपासणी करून घेतली की दंड माफ. फारच थोड्यांनी तो दूरध्वनी केला. उपचारांसाठीचा निधी केंद्रांपर्यंत पोहोचायला विलंब लागला. याच काळात फेंटानिल या जहाल पदार्थाची लाट आली. वाढलेल्या मृत्यूंचा दोष किती कायद्याचा आणि किती फेंटानिलचा, याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. पण लोकांचा धीर सुटला. राज्याच्या विधिमंडळाने २०२४ मध्ये निर्णय फिरवला आणि १ सप्टेंबरपासून अल्प साठा पुन्हा गुन्हा ठरला. शिक्षा काढली, पण तिच्या जागी काहीच उभे केले नाही, त्याचा हा परिणाम.

चौथा अनुभव आशियातील थायलंडचा. जून २०२२ मध्ये त्या देशाने गांजा अमली पदार्थांच्या सूचीतून काढला. घोषित हेतू वैद्यकीय होता. नियम होण्याआधीच हजारो दुकाने उघडली आणि पर्यटकांची रीघ लागली. तीन वर्षांत सरकारला मागे फिरावे लागले. जून २०२५ मध्ये वैद्यकीय चिठ्ठीवाचून विक्रीस मनाई झाली. बाजार उभा करायला एक अधिसूचना पुरते. तो आवरायला लागतो तेव्हा हजारो दुकानदारांची पोटे आडवी येतात.

आपल्या कायद्याचे उणे

इतके ऐकल्यावर ‘म्हणजे आहे तेच ठीक आहे’ असा समज करून घेणे सोपे आहे. परंतु तो आत्मसंतोष होईल.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे सव्वादोन कोटी भारतीय अफूजन्य पदार्थांचे सेवन करतात आणि भांग, गांजा, चरस यांचे सेवन करणारे तीन कोटींहून अधिक आहेत. मद्यपींची संख्या सोळा कोटी. या आकड्यांहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. बेकायदा पदार्थांच्या विळख्यात सापडलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळते. उरलेले एकोणीस कोठे असतात? ते त्या आईच्या घरासारख्या घरांत, बंद दाराआड असतात.

कायद्यात त्यांच्यासाठी काहीच नाही, असे नाही. एनडीपीएसच्या ६४-अ कलमानुसार स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला अल्प साठ्याच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यापासून सवलत मिळू शकते. ३९व्या कलमानुसार न्यायालय त्याला तुरुंगाऐवजी उपचारांसाठी पाठवू शकते. परंतु २७वे कलम सेवन हाच गुन्हा मानते आणि पदार्थानुसार सहा महिने ते एक वर्षापर्यंत कारावास सांगते. सामान्य माणसाला ठाऊक असते ते २७वे कलम. ६४-अ हे नाव कित्येक वकिलांच्याही ओठांवर नसते. महाराष्ट्रात या कायद्याखाली नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत वैयक्तिक सेवनाच्या प्रकरणांचाच भरणा अधिक असतो. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात सुमारे तीन हजार किलो हेरॉइन एकाच वेळी पकडले गेले. ज्या यंत्रणेने अशा साठ्यांच्या मागे सीमेपार आणि समुद्रापार बसलेल्या सूत्रधारांचा माग काढायचा, तिचा वेळ चार चिमट्या गांजासाठी पकडलेल्या पोराच्या पंचनाम्यात जात असेल, तर त्यात लाभ कोणाचा होतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

उत्तरपक्ष

तेव्हा ‘मान्यता द्यावी काय?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे म्हणजे प्रश्नच न समजणे होय. ज्या तीन गोष्टी एका शब्दात बांधल्या गेल्या आहेत, त्या सोडवून घ्याव्यात.

बाजाराला उत्तर नकाराचे आहे, आणि ते निःसंदिग्ध आहे. जो धंदा गिऱ्हाइकाच्या सवयीवर जगतो, त्याचे उत्पन्न अधूनमधून चाखणाऱ्याकडून येत नाही, रोज लागणाऱ्याकडून येते. माणूस जितका लवकर आणि जितका घट्ट अडकेल तितका धंदा सुरक्षित. अफूच्या व्यापारात हे दिसले, गुटख्याच्या पुड्यांत दिसले, दारूच्या महसुलात आजही दिसते. ‘दारू चालते, मग गांजा का नको?’ हा प्रश्न बिनतोड वाटतो. पण दारूचा अनुभव हा गांजाच्या परवान्याचा आधार होऊ शकत नाही, तो इशारा आहे. एक भिंत खचली म्हणून दुसरी पाडावी, असे कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. मात्र लग्नाच्या वरातीत आणि थर्टी फर्स्टला दारूचे कौतुक करणाऱ्या समाजाने गांजाविरुद्ध भाषण करताना आपला आवाज थोडा खाली आणावा, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

विक्रीच्या परवान्याला उत्तर असे की, औषध म्हणून, वैद्याच्या हातून आणि शास्त्रीय कसोटीवर उतरलेले जे असेल त्याला अवश्य वाट असावी. उत्तराखंडाने तागासारख्या धाग्यासाठी औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवानगी दिली, तसे मार्गही असावेत. करमणुकीसाठी परवाना नसावा.

आणि ज्याच्या हाती ती पुडी सापडली, त्या मुलाला? त्याच्यासाठी तुरुंग हे उत्तर नाही. तुरुंगात नशा सुटत नाही. अनेकदा तेथेच मोठ्या विक्रेत्याची ओळख होते. बाहेर पडल्यावर नोकरी मिळत नाही आणि तो पुन्हा त्याच अड्ड्यावर जातो. सेवन करणाऱ्याला पहिल्या प्रथम उपचारांकडे नेणारा बदल कायद्यात स्पष्टपणे व्हावा, अशा सूचना सरकारी पातळीवरही झाल्याचे वृत्त २०२१ मध्ये आले होते. त्यांचा पाठपुरावा व्हायला हवा. परंतु ओरेगॉनचा धडा विसरून चालणार नाही. तुरुंगाचे दार बंद करण्याआधी उपचाराचे दार उघडलेले असले पाहिजे.

ते दार कसे असते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८० च्या दशकात अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या दिशेने आलेली ब्राऊन शुगर मुंबई-पुण्यात ‘गर्द’ या नावाने शिरली. ‘गर्दुल्ला’ हा शब्द मराठीला त्याच काळाने दिला. अनिल अवचट यांनी त्या मुलांमध्ये वावरून त्यांच्याविषयी लिहिले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी ते लेखन वाचून देणगी पुढे केली आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. तेथे व्यसनी माणसाला ‘मित्र’ म्हटले जाते. बरे झालेले नव्याने येणाऱ्यांना हात देतात, पत्नींना आणि पालकांना सोबत घेतले जाते. विचारांचे मतभेद बाजूला ठेवून वंदन करावे असे हे काम आहे. खंत एवढीच की चाळीस वर्षांनंतरही अशी केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहिलेली नाहीत. कुलूप लावून मारहाण करणारी बोगस ‘नशामुक्ती केंद्रे’ मात्र पैसे उकळत आहेत.

येथे कायद्याचे काम संपते आणि समाजाचे सुरू होते. बंदी असो वा नसो, मुलाच्या मनातली पोकळी कायदा भरू शकत नाही. संध्याकाळचे मैदान, शाखा असो वा तालीम, व्यायामशाळा असो वा ग्रंथालय, जेथे वडीलधाऱ्याची नजर आणि मित्राची साथ असते, तेथे पुडीवाल्याचा शिरकाव कठीण जातो. पण ज्या घरात तो झालाच आहे, त्या घराकडे पाठ फिरवणारा समाज पुडीवाल्याचेच काम सोपे करतो. ‘त्यांच्या मुलाचे असे आहे म्हणे’ ही कुजबुज एका कुटुंबाला उपचारांपासून दोन वर्षे दूर ठेवू शकते, आणि या आजारात दोन वर्षे म्हणजे कधीकधी सारे आयुष्य.

म्हणून कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे. आपल्या वस्तीतील विश्वासू डॉक्टर, समुपदेशक आणि जवळचे नोंदणीकृत केंद्र यांची माहिती स्वतः प्रत्यक्ष भेट देऊन मिळवावी. १४४४६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क साहाय्य क्रमांक आहे, तो आणि ६४-अ कलमाची सवलत घराघरांत पोहोचवावी. आणि एखादी आई कधी चाचरत बोलू लागली तर उपदेश न करता ऐकून घ्यावे, गुपित राखावे आणि दुसऱ्याच दिवशी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे.

विकणाऱ्याला परवाना नको आणि अडकलेल्याला बेडी नको. या दोन नकारांच्या मधली जागा आज रिकामी आहे आणि ती आई तेथे एकटी उभी आहे. ती जागा भरण्याचे काम संसदेचे आहे, सरकारचेही आहे. पण तिच्या दाराची कडी वाजवायला संसद येणार नाही. शेजाऱ्यालाच जावे लागेल.